सहादूनानांचे नवे ब्रेक

मालेगाव स्टँडच्या उतारावर चालणाऱ्याच्या चपलासुद्धा त्याच्या पुढे पळू बघतात. त्या उतारावरून सहादू बेंडकुळे यांनी आपली पांढरी फियाट आजवर किती वेळा खाली नेली, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. अभिमान मात्र एकच होता: गाडीला कुणाचा धक्का नाही आणि गाडीचा कुणाला धक्का नाही. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा नाना उजवा पाय जरासा उचलून दाखवत आणि म्हणत, "गाडीला ब्रेक कशाला पाहिजे? हा पाय आहे ना!" ऐकणारे हसत. नाना हसत नसत. त्यांना ते खरंच वाटे.

नाना मूळचे घोटीच्या पलीकडचे. डोंगराच्या पायथ्याशी, भाताच्या खाचरांत वाढलेले. मिसरूड फुटायच्या आत ट्रकवर क्लीनर म्हणून चढले आणि नाशकात उतरले, ते इथलेच झाले. पुढे ही फियाट घेतली आणि नाशिकरोड स्टेशनाबाहेर उभी करू लागले. मुंबई-पुण्याची नाटकमंडळी तेव्हा रेल्वेनं यायची. त्यांना कालिदास कलामंदिरात पोचवायचं आणि प्रयोग संपला की परत आणायचं, हे काम नानांकडे आलं आणि नानांकडेच राहिलं. नायिका मागच्या सीटवर, खलनायक पुढे नानांच्या शेजारी, आणि विनोदी नट सबंध रस्ताभर टपावरच्या ट्रंकेच्या काळजीत.

प्रयोग चालू असताना बाकीचे ड्रायव्हर गाडीत घोरायचे. नाना विंगेत उभे राहायचे. हाताची घडी, खांद्यावर टॉवेल आणि ओठ हलताहेत. तीन अंकी नाटकंच्या नाटकं त्यांना पाठ. घोटीकडची 'लय' आणि 'नाय' बोलणारी जीभ विंगेच्या त्या अंधारात एक दुसरी भाषा शिकली. नटांची. गोल, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी. एकदा एका मोठ्या नटानं गाडीतून उतरताना नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "नाना, तुमचा आवाज वाया गेला हो." अशा एका वाक्यावर माणूस जन्मभर जगू शकतो. नाना जगले. घरात पहिली भाषा, चारचौघांत दुसरी. कधी विसरून घरातच दुसरी लागली, तर त्यांची बायको चिमणाबाई म्हणायची, "अहो, नटावानी बोलू नका. मीठ कमी हाय एवढंच सांगा."

नाटकमंडळी पुढे आपापल्या बसमधून यायला लागली. फियाट लग्नांत निघाली. नवरदेवाची गाडी म्हणून तिला पंचवटीत मागणी होती. झेंडूच्या माळा, बोनेटवर गुलाब, आणि चाकामागे नाना, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. पण गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात गाडी वीतभर उशिरा थांबली. बँडवाला उडी मारून बाजूला झाला म्हणून बरं, नाही तर ढोलासकट आत आला असता. लोकांना वाटलं, गंमत केली. चिमणाबाई मागच्या सीटवर करवल्यांमध्ये बसली होती. तिला काही गंमत वाटली नाही.

"गुडघा दुखतोय तुमचा," ती घरी आल्यावर म्हणाली.

"गुडघ्याचा काय संबंध?"

"दोन्ही हातांनी स्टेरिंग धरून उभं राहिल्यावानी ब्रेक दाबत होते तुम्ही. मी काय आंधळी नाय."

म्हणून नाना पेठरोडला मंगळू गावितच्या गॅरेजात गेले. मंगळू सुरगाण्याकडचा. पोट सुटलेला, तोंड त्याहून सुटलेलं. गाडीखाली झोपला तरी बोलणं चालू, आणि वरचा माणूस निघून गेला तरी चालूच. जुन्या गाड्यांना नव्या पद्धतीचे ब्रेक बसवण्यात त्याचं नाव होऊ लागलं होतं. जुन्या सांगाड्याला नवा भाग जुळावा म्हणून लागणारी पट्टी तो अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर स्वतः उभा राहून कापून घेई.

"नाना, तुमचे हे ड्रम म्हणजे कसं, बंद डबा आणि आत दोन बुटं," त्यानं समजावलं. "आतल्या आत घासतात. तापली की ढिली, भिजली की ढिली. आणि ही डिस्क. उघडी ताटली. दोन बाजूंनी दोन पॅड येतात आणि चिमट्यात धरतात. धरली की सोडत नाय."

"उघडी? म्हणजे धूळ, चिखल सगळं बसणार तिच्यावर."

"बसू द्या. फिरली की झटकते. आमच्या मंडळींसारखी हाय, मनात काय ठेवून घेत नाय."

पुढच्या दोन चाकांना डिस्क बसल्या. नाना गाडी घेऊन म्हसरूळपर्यंत जाऊन आले. पाय नुसता टेकवला की गाडी हाक मारलेल्या लेकरासारखी जागच्या जागी उभी. परत येताना रस्ता मोकळा असतानासुद्धा त्यांनी उगाच ब्रेक लावून पाहिला आणि गालातल्या गालात हसले. गॅरेजात शिरताना मात्र चेहरा पुसून घेतला.

"कसे आहेत?" मंगळूनं विचारलं.

"बरे आहेत."

"नुसते बरे?"

"बरे म्हटलं ना."

"आता एक ध्यानात ठेवा नाना, त्या ताटलीला—"

"मंगळू," नाना त्यांच्या दुसऱ्या भाषेत म्हणाले, "तुझ्या बारशाचे पेढे वाटले गेले, तेव्हापासून ही गाडी मी चालवतो आहे. मला शिकवू नकोस."

मंगळूनं कोपरापासून हात जोडले. "चुकलो मास्तर." आणि मोठ्यानं हसला.

मग दसरा आला.

नानांचे वडील डोंगरातल्या वाघोबाला तेल-शेंदूर लावायचे. नाना डोंगर सोडून आले, पण दसऱ्याला तेल-शेंदूर चुकला नाही; वाघोबाच्या जागी गाडी आली, एवढंच. आदल्या संध्याकाळी चारी चाकं काढायची, गाडी आतून-बाहेरून धुवायची. सकाळी चाकांच्या पोटात, ड्रमवर, बोटानं शेंदराचं स्वस्तिक काढायचं आणि मग चाकं चढवायची. ड्रम म्हणजे बंद डबा. शेंदूर डब्याच्या बाहेर, घासणारं सगळं आत. त्यामुळे इतक्या वर्षांत कधी काही बिघडलं नव्हतं, आणि का बिघडलं नाही याचा विचार करायची नानांवर वेळ आली नव्हती.

त्या सकाळी नानांनी पाहिलं, तर रात्रीच्या पाण्यानं दोन्ही नव्या डिस्कवर तांबूस गंज चढलेला. खरं तर तो नुसता वरवरचा, गाडी चार पावलं चालली आणि ब्रेक लागला की निघून जाणारा. पण नानांच्या जिवाला लागलं. नवी वस्तू आणि गंज? त्यांनी तिळाचं तेल घेतलं आणि फडक्यानं डिस्क घासली. पुढून घासली, हात पोचेल तितकी मागून घासली. ताटली आरशासारखी झाली. तिच्यात त्यांना आपला चेहरा दिसला. मग त्या चेहऱ्यावरच त्यांनी जाडजूड स्वस्तिक काढलं.

शेंदूर कालवून आणलेली वाटी हातात धरून चिमणाबाई उभी होती. "ह्या नव्या ताटलीला चालंल का?" तिनं विचारलं.

"देवाला चालतं, ते गाडीला चालत नाही?"

दुपारी दोघं निघाली. पूल ओलांडून जुन्या नाशकात चिमणाबाईच्या भावाकडे सोनं द्यायला जायचं होतं. मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी, गाडीला झेंडूचं तोरण. घरापासून स्टँडपर्यंत गल्लीबोळ आणि गर्दी. नाना तसेही गाडी गिअरवर सावकाश चालवणारे. ब्रेकला पाय लागला तो दोन-तीनदा, अगदी हलका. जरा गुळगुळीत वाटला. नव्या ब्रेकचा स्वभाव असेल, असं म्हणून ते उताराला लागले.

खाली उतार संपतो तिथे कडेला लताबाईचं फुलांचं दुकान. दुकान म्हणजे पोत्यावर झेंडूचा ढीग, शेवंतीच्या टोपल्या आणि दोरीला टांगलेले हार. दसऱ्याचा दिवस, गिऱ्हाइकांची रीघ. नानांनी पाय टेकवला. गाडी थांबली नाही. त्यांनी पाय दाबला. पॅडल दगडासारखं कडक आणि गाडी तशीच घरंगळत, साबणावरून सरकावी तशी. जळक्या तेलाचा वास आला. नाना स्टेरिंग धरून जवळजवळ उभे राहिले. गिऱ्हाइकं ओरडत फाकली. मागच्या चाकांनी कशीबशी गाडी धरली, पण तोवर पुढची चाकं झेंडूत शिरली होती. लताबाई टोपली ओढता ओढता पडली ती हातावर. मनगट वाकडं झालेलं लांबूनही दिसत होतं.

माणसं धावली. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "म्हातारा पिऊन आलाय का?"

हे वाक्य नानांच्या कानात शिरलं आणि बाकी काही शिरलं नाही. त्यांनी दार उघडलं. सदरा खाली ओढून नीट केला. गर्दीच्या मधोमध, चेंदलेल्या झेंडूत ते उभे राहिले. आणि आवाज लागला. कसा लागला म्हणता!

"मी नव्हे!" नाना गरजले. "या पायांनी आजवर मुंगीसुद्धा चिरडली नाही. विचारा, पेठरोडच्या त्या मंगळू गावितला जाऊन विचारा, माझ्या गाडीच्या चाकांत त्यानं काय बसवलं आहे! जुने, इमानी ब्रेक काढून घेतले त्यानं, आणि ही चकचकीत फसवणूक माझ्या गळ्यात बांधली! आज एका कष्टाळू बाईचा हात गेला. उद्या कुणाचा जीव जाईल! आणि तेव्हाही तो मंगळू आपल्या गॅरेजात बसून हसत असेल!"

शेवटच्या शब्दावर ते थांबले, जसं थांबायला हवं तसे. गर्दी गप्प झाली होती. पुढच्या चार हातांत मोबाइल वर धरलेले. मागून एकानं टाळी वाजवली, मग आणखी दोघांनी.

त्या टाळ्यांत नानांनी खाली पाहिलं. लताबाई अजून जमिनीवरच बसली होती. तिला आपल्या खांद्याशी टेकवून, पदराची पट्टी तिच्या हाताला गुंडाळत चिमणाबाई बसली होती. ती नानांकडे बघत नव्हती.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पंचवटीभर झाला. कुणी त्याला मागे ढोलांचा आवाज लावला. कुणी 'मंगळूचे ब्रेक, देवाला टेक' असं वर लिहिलं. सोनं द्यायला आलेली शेजारची पोरं म्हणाली, "नाना, काय बोललात! एकदा इथं म्हणा ना." नानांनी म्हटलं नाही. पण पोरांनी मोबाइलवर लावून दाखवला, तेव्हा खुर्चीतून पुढे वाकून ऐकला. आवाज खरंच चांगला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मंगळू गाडी न्यायला येणार होता. त्याआधी नाना अंगणात गेले. गाडी टोचन करून आणून ठेवली होती. नानांनी जॅक लावला आणि पुढचं चाक काढलं. वास आला. कालचाच, करपलेल्या तिळाच्या तेलाचा. डिस्कवर स्वस्तिकाचा पत्ता नव्हता. त्याच्या जागी काळपट लाल चिकट थर, गोल गोल फासलेला, ताटलीभर. नानांनी बोट लावलं. बोट लाल झालं.

ते कितीतरी वेळ बोटाकडे बघत उकिडवे बसून राहिले. गाडीतला माणूस होते ते. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चिमट्याला धरायला कोरडी ताटली लागते. ती आपण तेलानं घासली. मंगळूचं वाक्य 'त्या ताटलीला' इथपर्यंत आलं होतं आणि तिथेच आपण ते तोडलं होतं.

मग त्यांनी जे केलं, त्याची लाज त्यांना पुढे उताराच्या लाजेपेक्षा जास्त वाटली. ते घरात गेले, रॉकेलची बाटली आणि जुनं धोतर घेऊन आले आणि दोन्ही डिस्क लखलखीत पुसून काढल्या. पॅडमध्ये मुरलेलं तेल निघेना. लाली तेवढी निघाली.

मान वर केली तर चिमणाबाई दारात.

"शेंदूरच होता ना?"

"धूळ होती."

"लाल धूळ?"

नानांनी धोतराचा बोळा केला.

मंगळू आला तो बोलत आला नाही. नानांनी त्याला कधी असा पाहिला नव्हता. त्यानं चाकाशी बसून चिमटा उघडला, पॅड बाहेर काढला, अंगठ्यानं दाबून पाहिला. अंगठा ओशट झाला.

"तेलकट हाय," तो स्वतःशीच म्हणाला. "ग्रीस. माझंच ग्रीस हे. बेरिंगला भरलं ना मी, सील नीट बसलं नसंल, तापल्यावर बाहेर आलं. नाना, माझ्या हातनं झालं हे."

नानांनी हात पाठीमागे घेतले.

"लोकं म्हणतात ते खरं हाय. मी तुमच्या गळ्यात बांधलं." मंगळू उठला आणि त्यानं वाकून नानांच्या पायाला हात लावला. "तुमच्या नावाला कधी डाग नव्हता. माझ्यापायी लागला."

पाया पडलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो. नानांचा हात आपोआप गेला. हाताला रॉकेलचा वास येत होता. आणि तोंडून निघालं, "असू दे. होतं माणसाच्या हातून."

म्हणजे नानांनी मंगळूला क्षमा केली.

"डिस्क काढून टाकतो," मंगळू गाडी ओढून नेताना म्हणाला. "तुमचे ड्रम परत बसवून देतो. जसे होते तसे."

जसे होते तसे. नानांना कळलं, की आता आपण नुसतं गप्प बसायचं. ड्रम बसले, डिस्क भंगारात गेल्या, की विचारणारं कुणी नाही. नाव आपलं राहिलं. मंगळूचं गेलं, पण त्याचा दोष त्यानं स्वतःच मान्य केला आहे. सगळं किती सोपं होतं! आणि जेवायला बसलं की घास तोंडात फिरत होता.

चार दिवसांनी भाजी आणायला निघालेल्या नानांना रस्त्यात धनराज भेटला. हा निमाणीजवळचा हार्डवेअरवाला. वडिलांची जुनी गाडी जपून ठेवलेला, हौशी. त्यानं नानांना हाताला धरून टपरीवर बसवलं.

"काका, तुमच्यामुळे वाचलो बघा. माझी गाडी त्या मंगळूकडेच पडली होती, हेच ब्रेक बसवायला. व्हिडिओ बघितला आणि तशीच उचलून आणली. आता त्याच्याकडे काळं कुत्रं जात नाही. ओ, काकांना स्पेशल द्या!"

स्पेशल चहा आला. नाना खरं काय ते सांगू शकत होते. तिथे दुसरं कुणी नव्हतं, धनराज आणि टपरीवाला. त्यांनी कप उचलला, बशीत ओतला आणि प्यायले. धनराजनं विचारलं, "चांगला आहे ना?" नानांनी मान हलवली.

त्या दिवशी चिमणाबाई लताबाईच्या घरून परत आली. हाताला प्लास्टर झाल्यापासून ती तिच्याकडे भाकरी पोचवत असे. आल्या आल्या ती नानांसमोर भिंतीला टेकून बसली.

"तिच्या दुकानावर कोण बसतं ठाऊक हाय?"

"कोण?"

"मंगळू. गॅरेजाला गिऱ्हाईक नाय, तर तिथं जाऊन फुलं मांडतो. हार ओवतो. ते काळ्या नखांचे हात आणि शेवंती. येणारे-जाणारे म्हणतात, काय रे ब्रेकवाल्या, हार तरी धरून राहतील ना? तो हसतो."

नाना जमिनीकडे बघत राहिले.

"मी काय म्हणते," चिमणाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला, "शेंदूर मी कालवला होता ना? मी जाऊन सांगते. म्हणते, बाईमाणूस, अडाणी, मला काय कळतं गाडीतलं. मीच फासला. तुम्ही नका जाऊ. तुमचं नाव राहू द्या."

ती टोमणा मारत असती, तर नानांनी सोसलं असतं. ती मनापासून म्हणत होती. पदर खोचून उठायलासुद्धा निघाली होती.

"बस खाली," नाना म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

सकाळी नाना उतार पायी उतरले. गुडघा प्रत्येक पावलाला ओरडत होता. खाली लताबाई स्टुलावर, गळ्यात हात अडकवलेला. मंगळू पोत्यावर मांडी घालून दोऱ्यात झेंडू ओवत होता. पाच-सहा गिऱ्हाइकं होती. नानांना बघून एकानं दुसऱ्याला ढोसलं, "हेच ते, व्हिडिओवाले."

नाना मधोमध उभे राहिले. श्वास घेतला. आणि आवाज लागला.

"ऐका! आज या उतारावर, ज्या ठिकाणी एका निरपराध माणसावर—"

लगेच दोन मोबाइल वर आले. कुणीतरी म्हणालं, "थांबा थांबा, काका, जरा इकडे तोंड करा. पहिल्यापासून घ्या."

नाना थांबले. तो गोल, खणखणीत आवाज त्यांच्या स्वतःच्या कानात घुमत होता आणि त्यांना त्याची शिसारी आली. याच आवाजानं ते बोलले असते, तर लोकांनी यालाही टाळ्या वाजवल्या असत्या. चूक कबूल करणारे थोर सहादूनाना. पुन्हा नानाच मधोमध.

ते गुडघ्यावर हात टेकत, कण्हत मंगळूच्या समोर पोत्याच्या कडेला बसले.

"मंगळू," ते घोटीकडच्या जिभेनं म्हणाले, "तुझं ग्रीस नव्हतं ते. तेल माझं होतं. दसऱ्याला तेल-शेंदूर लावला मी डिस्कला. मग तू यायच्या आधी पुसून काढला. रॉकेलनं. ठाऊक होतं मला. तू पाया पडला तव्हाबी ठाऊक होतं."

रस्त्यावर रिक्षांचे भोंगे चालू होते. मोबाइलवाला पुढे वाकून म्हणाला, "काही ऐकू येत नाही काका, जरा मोठ्यानं." नानांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं मोबाइल खिशात टाकला.

ऐकू गेलं ते दोघांनाच. आधी लताबाई बोलली.

"म्हणजे मी पडले होते, आणि तुम्ही तिथं भाषण ठोकत होते, ते काय ठाऊक नसताना?"

"तव्हा ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं तर बोलले कशाला? हात धरायचा सोडून?" तिनं गळ्यातला हात जरा उचलून दाखवला. "बाबा, हा तुमच्या बायकोनं बांधला. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय."

नाना म्हणाले, "नाय बघितलं."

मंगळू आधी हसला. नेहमीसारखा, पोट हलवून. "शेंदूर? नाना, डिस्कला शेंदूर?" मग ते हसू मधेच कुठेतरी गेलं. त्यानं ओवत होता तो हार मांडीवर ठेवला.

"मी ते सील कितींदा उघडलं, नाना. कुठं चुकलो सापडंना. अंबडला जाऊन त्या लेथवाल्याला शिव्या दिल्या, की तूच पट्टी वाकडी कापली. आजपर्यंत बोलत नाय तो माझ्याशी." त्यानं मांडीवरच्या हारातलं एक फूल दोऱ्यावर पुढे सरकवलं. "आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला."

विंगेत उभं राहून पाठ केलेल्या सगळ्या नाटकांत याला उत्तर नव्हतं.

मंगळू उठला, पँट झटकली. "ड्रम नाय बसवत मी. नवे पॅड टाकतो, डिस्क चांगल्या हायेत. गाडी घेऊन जा. नंतर चालवायची का नाय, ते तुमचं तुम्ही बघा." आणि तो पेठरोडच्या दिशेला चालू लागला. मागे वळून 'मास्तर' म्हणाला नाही.

"आता हार कोण ओवणार?" लताबाईनं विचारलं.

नानांनी सुई उचलली.

तेव्हापासून लताबाईचा हात बरा होईपर्यंत नाना त्या पोत्यावर बसू लागले. हार त्यांना नीट ओवता येत नसे. फूल फाटे, लताबाई बोले, ते ऐकून घेत. धनराजकडे ते स्वतः चालत गेले आणि त्याच्या गिऱ्हाइकांसमोर त्याला सांगितलं. धनराज ओशाळला, मग जरा चिडलाच, आणि पुढच्या आठवड्यात त्याची गाडी पुन्हा मंगळूच्या गॅरेजात दिसली. लेथवाल्याकडे नाना बसनं गेले. त्यानं काम थांबवलं नाही. यंत्राच्या आवाजात नानांना तेच दोनदा सांगावं लागलं.

व्हिडिओ मात्र परत बोलावता येत नाही. तो कुठे कुठे गेला होता कुणास ठाऊक. खरं काय ते कुणी मोबाइलवर घेतलं नव्हतं, आणि घेतलं असतं तरी ते कुणी पुढे पाठवलं नसतं. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. त्यामुळे ते एकेका माणसाला, तोंडानं सांगावं लागे. रोज कुणी ना कुणी त्यांना ओळखायचं. रोज नानांचे कान तापत. त्याची सवय होईल असं त्यांना वाटलं होतं. झाली नाही.

एके सकाळी सटाण्याकडचा एक माणूस हार घ्यायला थांबला. जीपमध्ये त्याची माणसं बसली होती, वणीला देवीला निघालेली. हार बांधून घेता घेता त्यानं नानांकडे निरखून पाहिलं.

"बाबा, त्या व्हिडिओतला तूच शे ना? मंगळूचे ब्रेक?"

"मीच. पण ते—"

"चल भाऊ, उशीर होतोय!" जीपमधून हाक आली. माणूस हार घेऊन हसत पळाला.

नाना सुई टाकून उठले. गुडघ्यानं पहिल्या पावलाला नकार दिला, दुसऱ्याला मुकाट राहिला. जीप चालू झाली होती. नानांनी खिडकीला हात लावला.

"काय बाबा? म्हणून दाखवतोस का तो डायलॉग?" आतून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे खिडकीकडे वळले. बायका, म्हातारी माणसं, मांडीवर पूजेची ताटं.

"नाय," नाना म्हणाले. त्यांना धाप लागली होती आणि आवाज बारीक निघत होता. "ते खोटं हाय. ब्रेक चांगले होते. मंगळूचं काय चुकलं नव्हतं. तेल मी लावलं, आणि नाव त्याचं घेतलं."

खिडकीतल्या एका म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग, असं बघत राहणं बरं दिसणार नाही म्हणून की काय, मांडीवरच्या ताटाकडे मान वळवली. जीप निघाली. नाना उताराच्या कडेनं, भिंतीला धरत, दुकानाकडे परत आले.